एका जबड्याचं कुळ

(जुन्नर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शिवनेरीच्या कातळात डायनोसॉरची किंवा एखाद्या प्राचीन सरड्याची हाडं सापडतील का, असा प्रश्न या भागातल्या शाळांमध्ये मुलं हमखास विचारतात. प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. बेसॉल्टच्या कातळात ती सापडणार नाहीत. आपण उभे आहोत तो काळा पाषाण म्हणजे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास जमिनीच्या भेगांतून उसळून थरावर थर साचलेला लाव्हा. हजार अंशांहून जास्त तापलेल्या रसात हाड टिकत नाही. जीवाश्म हवा असेल तर गाळ लागतो: नदीचा, तळ्याचा, समुद्राचा, हळूहळू बसणारा गाळ.

तरीही या कातळाचा अभिमान वाटावा असं एक कारण आहे. दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांची भूवैज्ञानिकांनी जी उतरंड लावली, तिच्यातल्या एका थरसमूहाला त्यांनी भीमाशंकरचं नाव दिलं. त्याच्या खालची आणि वरची हद्द ओळखायची ती मोठमोठ्या स्फटिकांच्या दोन थरांवरून. त्या थरांना मंचर आणि गिरवली अशी नावं आहेत. गिरवली म्हटलं की आपल्याला 'आयुका'ची दुर्बीण आठवते, पण त्याच टेकड्यांच्या दगडात बोटाच्या पेराएवढे पांढुरके स्फटिक चमकतात, तेही जाऊन पाहण्यासारखे आहेत. लाव्ह्याच्या दोन लोंढ्यांमध्ये काही वेळा मोठा काळ जाई. तेवढ्यात माती तयार होई, कुठे तळी साचत. मुंबईत मलबार हिल आणि वरळीच्या बाजूला अशाच तळ्याच्या गाळात एका चिमुकल्या बेडकाचे सांगाडे सापडले आणि १८४७मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्याचं वर्णन केलं. आपल्याकडच्या कड्यांत दोन लोंढ्यांमध्ये दिसतो तो बहुतेक लाल मातीचा भाजलेला पट्टा. त्यात हाडं जपली जात नाहीत.

मग सरड्यांच्या लोपलेल्या कुळांवर बोलायला जुन्नर कशासाठी? कारण जे लोपलं ते ओळखण्याची किल्ली जे जिवंत आहे त्याच्यात असते, आणि ती किल्ली तुमच्या बांधावर, घराच्या भिंतीवर, नाणेघाटाच्या कातळात फिरते आहे. जबड्याचा एक तुकडा हातात घेऊन त्याचं कुळ कसं ठरवतात, आणि ठरवलेलं कुळ पुढे का डळमळतं, एवढंच आज मला सांगायचं आहे.

आधी कुळ म्हणजे काय ते पाहू. पूर्वी दिसण्यातल्या साम्यावरून प्राण्यांचे गट पाडत. चार पाय, खवले, लांब शेपूट असलं की झाला सरडा. १९२३मध्ये चार्ल्स कॅम्प यांनी सरड्यांचं मोठं वर्गीकरण मांडलं, तेव्हापासून हाडं, स्नायू आणि दात यांचा बारकाईनं हिशोब सुरू झाला. आज नियम असा आहे: एका पूर्वजाची सगळी संतती एका गटात, आणि गट जोडायचा तो त्या पूर्वजाकडे नव्यानं आलेल्या आणि संततीत उतरलेल्या खुणांवरून. पाच बोटं हा फार जुना वारसा आहे, तो आपल्यालाही मिळालेला आहे, म्हणून सरड्यांचं कुळ ठरवताना त्याचा उपयोग शून्य. एखाद्या गटाची ओळख 'यांच्यात अमुक नाही' अशी करावी लागत असेल, तर तो गट संशयास्पद समजावा. युरोपात सापडलेल्या एजियालोसॉर नावाच्या अर्धजलचर सरड्यांचं स्वतंत्र कुळ कित्येक वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. पुढे लक्षात आलं की त्यातले काही प्राणी एकमेकांपेक्षा मोसासॉर या समुद्री सरड्यांना जास्त जवळचे आहेत, आणि ते कुळ विस्कटू लागलं.

मोसासॉर हे लोपलेल्या सरड्यांचं सगळ्यांत प्रसिद्ध कुळ, म्हणून त्याच्याबद्दल थोडक्यात सांगतो. अठराव्या शतकात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या चुनखडीच्या खाणीत एक प्रचंड जबडा निघाला. कोणी त्याला मगर म्हटलं, पेट्रुस कांपर यांनी देवमासा म्हटलं. त्यांचा मुलगा आड्रियान कांपर यांनी तो घोरपडीसारख्या सरड्याचा असल्याचं ओळखलं आणि पॅरिसमध्ये क्युव्हिए यांनी त्याला दुजोरा दिला. सरड्याच्या खुणा कोणत्या? टाळूवरच्या एका हाडावरही दात होते, आणि खालच्या जबड्याच्या मधोमध एक सांधा होता. मगरीत हे दोन्ही नाही, देवमाशात तर नाहीच. आपल्या पायाखालचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास हे कुळ पृथ्वीवरून कायमचं गेलं.

मोसासॉरचा जबडा अंगणाएवढा असतो. आपल्याला जो भेटणार आहे तो नखाएवढा आहे.

दातांपासून सुरुवात करू, कारण सरड्याच्या शरीरात टिकाऊ काय तर दात आणि दातांखालचं हाड. दात हाडाला कसा जोडलेला आहे यावरून अर्धं काम होतं. मगरीचा दात खळग्यात बसलेला असतो. पालीचा, सापसुरळीचा आणि घोरपडीचा दात जबड्याच्या आतल्या भिंतीला बाजूनं टेकलेला असतो, आणि झिजला की पडतो, त्या जागी दुसरा येतो. याला प्लुरोडॉन्ट मांडणी म्हणतात. घोरपडीच्या दाताच्या बुडाला उभ्या घड्या असतात, तेवढ्यावरूनही तिची ओळख पटू शकते. आपल्या बागेतला सरडा मात्र वेगळा. त्याचे मागचे दात जबड्याच्या कडेवर, अगदी धारेवर, हाडाशी एकजीव होऊन बसलेले असतात. ही ॲक्रोडॉन्ट मांडणी. ती बागेतले सरडे आणि शॅमेलिऑन, म्हणजे ज्याला आपल्याकडे घोयरा सरडा म्हणतात, त्यांची खूण.

वाटेवर मेलेल्या सरड्याची मुंग्यांनी साफ केलेली कवटी कधी भिंगाखाली पाहा. खालच्या जबड्याच्या टोकाशी दोन-तीन सुळ्यांसारखे दात दिसतील. ते प्लुरोडॉन्ट आहेत आणि बदलतात. त्यांच्यामागून त्रिकोणी दातांची रांग सुरू होते. रांगेच्या सुरुवातीचे दात बारीक आणि झिजून बोथट झालेले, काही तर इतके झिजलेले की हाडाची चकचकीत तपकिरी धारच उरलेली. जसजसं मागे जाल तसतसे दात मोठे, धारदार, ताजे. कारण हे दात पडत नाहीत. सरडा वाढतो, जबडा लांबतो आणि नवा दात मागच्या टोकाला येतो. म्हणजे एकाच जबड्यावर त्या प्राण्याचं बालपण पुढे आणि तारुण्य मागे लिहिलेलं असतं. जबड्याच्या हाडावर बाहेरून वरच्या दातांच्या घासण्याचे चरे उमटलेले दिसतात. आता एखाद्या दगडातून निघालेल्या जबड्यावर ही सगळी चिन्हं दिसली, तर आपण काय म्हणू? सरड्याचा, असंच म्हणू. आणि इथेच घसरू.

ही घसरण नवी नाही. १८३१मध्ये लंडनमध्ये जॉन एडवर्ड ग्रे यांच्यासमोर न्यूझीलंडहून आलेली एक कवटी आली. दात जबड्याच्या धारेवर एकजीव झालेले. ग्रे यांनी तिला नाव दिलं स्फेनोडॉन आणि तिची जागा आपल्या सरड्याच्या कुळाशेजारी लावली. पुढे त्याच प्राण्याचे पूर्ण नमुने आले तेव्हाही त्यांनी त्याला सरड्यांतच ठेवलं. १८६७मध्ये ब्रिटिश म्युझियमचे आल्बर्ट ग्युंथर यांनी त्या प्राण्याची चिकित्सा केली आणि सांगितलं की हा सरडाच नव्हे. हाच टुआटारा. सरडे, पाली, घोरपडी आणि साप मिळून जो एक विशाल गण होतो, त्याच्या शेजारी उभा राहणारा दुसराच गण हा, ऱ्हिंकोसेफॅलिया. या दोन गणांच्या वाटा सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याआधी वेगळ्या झाल्या. एकीकडे आज ११ हजारांहून जास्त जाती जिवंत आहेत, दुसरीकडे एकच, न्यूझीलंडच्या बेटांवर उरलेली.

ग्युंथर यांना काय दिसलं? एक म्हणजे कवटीच्या गालाशी, डोळ्यामागे, खालच्या बाजूनं हाडाचा पूर्ण कमान-पूल. सरड्यांत हा पूल तुटलेला असतो, त्यामुळे जबडा टांगणारं क्वाड्रेट हे हाड मागेपुढे हलतं. टुआटारात ते घट्ट जखडलेलं. दुसरं, टाळूच्या कडेला दातांची एक मोठी रांग, वरच्या जबड्याच्या रांगेला समांतर. खालच्या जबड्याची एकच रांग या दोन रांगांच्या मधल्या चरात बसते आणि तोंड मिटल्यावर खालचा जबडा पुढे सरकतो, भक्ष्य कापत जातो. तिसरं, खालच्या जबड्याचं दात धरणारं हाड मागे खूप लांबवर जातं आणि आतल्या बाजूचं स्प्लेनिअल नावाचं पातळ हाड मुळी नसतंच. म्हणजे दातांची बसण्याची पद्धत एकच, पण चावण्याचं यंत्र पूर्ण निराळं. दात धारेवर चिकटवण्याची युक्ती निसर्गानं या दोन घराण्यांत स्वतंत्रपणे वापरली. जिवंत प्राणी हाताशी असताना शास्त्रज्ञांना हे कळायला ३६ वर्षं लागली. मग मृत प्राण्याचा एक तुकडा पाहून घाई करण्याचा अधिकार कोणालाच नाही, असं माझं ठाम मत आहे.

आता महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. गडचिरोली जिल्ह्यातला सिरोंचा तालुका, प्राणहिता नदीचा काठ. तिथे कोटा नावाचं गाव आहे. त्या गावावरून ज्या खडकांना 'कोटा थरसमूह' नाव मिळालं ते नदीपलीकडे तेलंगणातही पसरले आहेत आणि साधारण १७-१८ कोटी वर्षांपूर्वीचे, ज्युरासिक काळातले आहेत. म्हणजे आपल्या दख्खनी लाव्ह्याच्या वयाच्या अडीचपटीहून जास्त जुने. कोटाच्या चुनखडीतले मासे एजर्टन यांनी १८५१मध्येच वर्णन केले होते. पुढे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी नदीपलीकडच्या थरांतून बारापासॉरस हा प्रचंड डायनोसॉर बाहेर काढला. हाडं हाती आली ते रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष होतं, म्हणून १९७५मध्ये त्याचं नाव पडलं बारापासॉरस टागोरी. सिरोंच्याजवळ वडधमला आज जीवाश्म उद्यान आहे. लोक तिथे मोठी हाडं आणि झाडांची दगड झालेली खोडं पाहायला जातात, आणि जावंच.

पण आपलं काम चिखलात आहे. कोटा थरातला मऊ चिखलखडक पोत्यांत भरतात, पाण्यात भिजवून विरघळवतात, बारीक जाळीच्या चाळण्यांतून गाळतात आणि उरलेला भुगा वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली कणाकणानं निवडतात. या कामाला डोळे आणि सबुरी दोन्ही लागतात. अशा निवडीतून अगदी आदिम सस्तन प्राण्यांचे दात मिळाले, आणि सरपटणाऱ्या चिमुकल्या प्राण्यांचे जबडेही. सुझन इव्हान्स, जी. व्ही. आर. प्रसाद आणि बी. के. मन्हास या तिघांनी त्यांचा अभ्यास केला. २००१मध्ये त्यांनी टुआटाराच्या गणातले दोन प्राणी जाहीर केले: रेब्बनासॉरस जैनी आणि गोदावरीसॉरस लतीफी. २००२मध्ये त्याच थरातून त्यांनी सरडे जाहीर केले. त्यातला एक भारतागामा रेब्बनेन्सिस. दात ॲक्रोडॉन्ट. त्यांचं म्हणणं असं की हा आपल्या सरड्यांच्या आणि शॅमेलिऑनच्या घराण्याचा आतापर्यंतचा सर्वांत जुना प्रतिनिधी.

या दाव्याचं वजन लक्षात घ्या. सरड्यांच्या वंशवृक्षाबद्दल आज दोन मतं आहेत. हाडांचा हिशोब सांगतो की इग्वाना, बागेतले सरडे आणि शॅमेलिऑन यांची फांदी सगळ्यांत आधी फुटली. गेल्या वीस वर्षांत डीएनएचा हिशोब सांगतो की तसं नाही, ही फांदी सापांच्या आणि घोरपडींच्या शेजारची आहे, म्हणजे बरीच नंतरची. भारतागामा खरोखर सरड्यांच्या घराण्याचा असेल, तर त्या फांदीला निदान ज्युरासिक काळापर्यंत मागे न्यावं लागतं आणि तिचा एक फाटा दक्षिणेकडच्या गोंडवन खंडात, आपल्या भूमीवर, होता असं मानावं लागतं. ब्राझीलमध्ये २०१५ साली गेरागामा नावाचा सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीचा सरडा जाहीर झाला, तोही याच घराण्याच्या जवळचा. त्यामुळे भारतागामाकडे पुन्हा लक्ष गेलं.

आणि तिथेच शंकाही आल्या. काही अभ्यासकांनी विचारलं: त्याच थरात टुआटाराच्या गणातले दोन प्राणी आहेत, त्यांचेही दात धारेवर चिकटलेले आहेत, भारतागामा त्यांच्यातलाच तर नाही? पूर्ण कवटी हाती नाही. गालाचा पूल आहे की नाही, क्वाड्रेट हलतं की जखडलेलं, याचं उत्तर जबड्याचे तुकडे एकट्यानं देऊ शकत नाहीत. इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुकड्यांवर जे जे वाचता येत होतं ते प्रामाणिकपणे वाचलं, आणि म्हणूनच इतरांना प्रश्न विचारणं शक्य झालं. माझ्या मते भारतागामाचं सरडेपण आजही खुल्या प्रश्नात मोडतं. पाठ्यपुस्तकात त्याला 'जगातला सर्वांत जुना सरडा' म्हणून छापू नये, पण त्याला वगळूही नये.

नाणेघाटाच्या लेण्यात तुम्ही गेला असाल. मागच्या भिंतीवर सातवाहन राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. वर त्यांची नावं ब्राह्मी अक्षरांत आहेत, सिमुक, सातकर्णी, नागनिका. मूर्ती मात्र गेल्या, कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. कोटाच्या जबड्यांचं नेमकं उलट झालं आहे. मूर्तीचा तुकडा उरला, नाव उरलं नाही. नाव आपण देतो, आणि म्हणून ते बदलण्याची तयारीही आपणच ठेवायला हवी.

नाव देण्यात थराला केवढं महत्त्व असतं, हे टिकीग्वानियाच्या गोष्टीतून दिसतं. मध्य प्रदेशात शहडोलच्या बाजूला टिकी नावाचा थरसमूह आहे, ट्रायासिक काळाच्या शेवटचा, २२ कोटी वर्षांच्या आसपासचा. २००६ साली त्यातून काही मिलिमीटर लांबीचा एक जबडा जाहीर झाला आणि त्याला टिकीग्वानिया एस्टेसी असं नाव मिळालं. दात ॲक्रोडॉन्ट, मांडणी सरड्याची. जगातला सर्वांत जुना सरडा भारतात, अशी बातमी झाली. अनेकांनी त्याचं वय धरून सगळ्या सरड्यांच्या आणि सापांच्या वंशवृक्षाचं घड्याळ लावायला सुरुवात केली. २०१२मध्ये हचिन्सन, स्किनर आणि ली या तिघांनी तो जबडा आजच्या सरड्यांच्या जबड्यांशेजारी ठेवला. बारीकसारीक खुणा जुळत गेल्या. जबडा आपल्या बागेतल्या सरड्याच्या जवळच्या गटातल्या कोणा प्राण्याचा, त्यांच्यापासून वेगळा काढता येऊ नये इतका सारखा. त्यांचा निष्कर्ष असा की तो ट्रायासिक काळातला नव्हेच. फार नंतरच्या काळातला, कदाचित अलीकडचा, एखादा जबडा जुन्या थराच्या मातीत मिसळला असावा.

मला ही गोष्ट सांगताना त्या आधीच्या शोधकांना दोष द्यायचा नाही. चाळणीतून गाळलेल्या भुग्यात वरची माती कशी मिसळते, हे ज्यांनी ते काम केलं आहे त्यांनाच माहीत. पण यातून जे शिकायचं ते स्पष्ट आहे: जबडा बरोबर वाचला आणि थर चुकला, तर २२ कोटी वर्षांची चूक होते. बोरी इथली कुकडीकाठची ज्वालामुखीची राख तुमच्या तालुक्यातली, तिची चर्चा तुम्हाला ठाऊक आहे. त्याच राखेला कोणी १० लाखांहून अधिक वर्षांचं वय दिलं, तर कोणी ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली. त्या राखेबरोबरच्या दगडी हत्यारांचा इतिहास या उत्तरावर अवलंबून आहे. हाडाचंही तसंच.

आणखी एक लोपलेलं कुळ, थोडक्यात. मंगोलियाच्या गोबी वाळवंटात, क्रेटेशस काळाच्या उत्तरार्धातल्या वाळूत, प्रिस्कागामिडी नावाच्या कुळातले सरडे सापडतात. १९८४मध्ये माग्दालेना बोर्सुक-ब्यालिनिच्का आणि स्कॉट मूडी यांनी त्यांची पहिली वर्गवारी केली. इथे पूर्ण कवट्या मिळाल्या, म्हणून वाद कमी. तरी त्यात प्लुरोडोंटागामा नावाचा एक सरडा आहे, त्याचे दात धड धारेवर नाहीत आणि धड आतल्या भिंतीवर नाहीत. धारेवर सरकत जाणाऱ्या दातांचा मधला टप्पाच जणू. भारतागामाचा वाद सुटायचा असेल तर त्याला अशाच कवट्यांचा आधार लागेल.

आपल्या विदर्भाची एक साक्ष राहिली. साप हे वंशवृक्षात सरड्यांच्याच मधल्या फांदीवर येतात, म्हणून सापांची लोपलेली कुळंही या विषयात बसतात. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे, डायनोसॉरच्या विष्ठेच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध. तिथल्या थरांतून २०११मध्ये माडसोइया पिसदुरेन्सिस या सापाची नोंद झाली. माडसोइडी हे कुळ आज जिवंत नाही. त्याची ओळख मणक्यावरून होते: सापाच्या मणक्याला पुढे-मागे एक जादा सांधा असतोच, पण माडसोइडींच्या मणक्यावर मागच्या बाजूला त्या सांध्याशेजारी एक छोटं छिद्रही असतं, आणि बहुतेक सापांच्या मणक्याला पुढे जी अणकुची निघते ती नसते. याच कुळाशी नातं सांगणारा सनाजेह इंडिकस हा गुजरातमधला साप २०१०मध्ये जाहीर झाला. त्याचा दगड भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांनी १९८०च्या दशकात गोळा केला होता आणि त्यातली हाडं डायनोसॉरच्या पिल्लाची म्हणून छापली गेली होती. २००१मध्ये जेफ्री विल्सन यांनी तो दगड पाहिला आणि त्यांना त्यात तोच जादा सांधा असलेले मणके दिसले. अंड्यांजवळ वेटोळं घालून बसलेला, सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप त्या दगडात होता, शेजारी पिल्लूही. मोहबे यांनी दगड जपून ठेवला होता, जागेची नोंद पक्की होती, म्हणून दुसऱ्या डोळ्यांना संधी मिळाली.

आता परत तुमच्या तालुक्यात येतो. २००८मध्ये वरद गिरी यांनी घाटघरहून, म्हणजे नाणेघाट आणि जीवधनच्या शेजारच्या गावातून, कातळावर राहणाऱ्या मोठ्या पालीची एक नवी जाती जाहीर केली, हेमिडॅक्टिलस आरोनबाउरी. जगाच्या शास्त्रीय यादीत या पालीचं मूळ ठिकाण म्हणून जुन्नर तालुका लिहिलेला आहे. २०१६मध्ये साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावरचे गळ्याला निळी-काळी-केशरी झालर असलेले सरडे वेगळ्या वंशाचे ठरले आणि शास्त्रीय यादीत त्या वंशाचं नाव लागलं 'सरडा'. २०२१मध्ये तर आपल्या रोजच्या बागेतल्या सरड्याच्या नावाखाली दक्षिण आशियात एकाहून अधिक जाती दडल्या आहेत असं दाखवून दिलं गेलं. जिवंत, डोळ्यांसमोर धावणाऱ्या प्राण्यांचं वर्गीकरण अजून पूर्ण झालेलं नाही. टिकीग्वानियाचं कोडं सुटलं ते कुठल्या नव्या उत्खननातून सुटलं नाही. आजच्या सरड्यांच्या जबड्यांचा संग्रह कोणीतरी नीट ठेवला होता, म्हणून सुटलं. भारतातल्या बहुतेक लहान सरड्यांच्या कवट्यांचे असे संग्रह फार थोड्या ठिकाणी आहेत.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली, सर्वांसाठी. कुकडी, मीना, घोड यांच्या काठच्या जुन्या गाळात तुम्हाला हाड दिसलं, किंवा सहलीला सिरोंच्याला गेलात आणि तिथे दिसलं, तर उचलू नका, खणू नका. शेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून फोटो काढा, दूरवरून थराचा फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा. थरातून सुटलेलं हाड अर्धं मुकं होतं, हे टिकीग्वानियानं शिकवलं आहे.

दुसरी मागणी इथल्या महाविद्यालयांना. मंचर, नारायणगाव, जुन्नर, घोडेगाव या भागात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या विभागांनी वनविभागाची रीतसर परवानगी घेऊन, रस्त्यावर किंवा शेतात आपोआप मेलेल्या पाली, सरडे, सापसुरळ्या यांच्या कवट्यांचा संग्रह सुरू करावा. जिवंत प्राणी एकही मारू नये. प्रत्येक डबीवर जाती, गाव, तारीख, कोणी आणला हे मराठीत आणि शास्त्रीय नावासह लिहावं. जबडा आतून आणि बाहेरून असे दोन फोटो काढावेत. खर्च भिंगाचा, डब्यांचा आणि कपाटाचा. पहिल्या वर्षी दहा कवट्या जमल्या तरी पुरे. संग्रह पाहायला मी स्वतः येईन, आणि कोटाच्या जबड्यांवर काम करणाऱ्या संशोधकांनाही घेऊन येण्याचा प्रयत्न करीन.